दोराख बसला की नाही

मित्रा,

वाद अर्धवट टाकून उठायची तुझी रीत नव्हती. मी चिडले की विषय बदलायचे, चहा टाकायला जायचे, आईने हाक मारली असं खोटंच सांगायचे. तू मात्र जागची हलायची नाहीस. "आधी हे संपव," म्हणायचीस. आणि आता तूच मधून उठून गेलीस, तेही दवाखान्यातून फोनवर "रविवारी बोलू" असं सांगून. मला तुझा राग आला आहे. लोक येऊन सांगतात की फार हाल झाले नाहीत, नशीबवान होती. मी मान डोलावते. मनातून मी अजून त्या वादातच आहे, आणि तो कशावरून होता हे सांगितलं तर भेटायला आलेली माणसं कपाळावर हात मारून घेतील.

एका परदेशी मालिकेतला मेकॅनिक शेवटच्या भागात जेवायला बसला की नाही, यावरून आपण दोघी अर्धं आयुष्य भांडलो. मी त्रेचाळीस वर्षांच्या बाईला शोभेल असं काहीतरी दुसरं लिहायला हवं होतं, पण आपल्यात तेच होतं, त्याला काय करणार?

तू नागपूरहून आलीस तेव्हा आमच्या सदाशिव पेठेतल्या फ्लॅटमधली मागची खोली आईने नुकतीच मुलींना द्यायला काढली होती. त्या दिवसांत जो तो कॉम्प्युटरचा क्लास लावत होता, आणि निम्मे क्लास आमच्याच गल्लीत होते. आईने दारातच विचारलं, "आडनाव?" तू आडनाव सांगितलंस, आणि पुढचा प्रश्न विचारायचा तिचा त्रास वाचावा म्हणून "आम्ही बौद्ध" हेही सांगून टाकलंस. आईने तुझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, "पाणी साडेसहाला जातं. उशिरा उठणाऱ्यांसाठी ते थांबत नाही." म्हणजे खोली मिळाली. तुझं नाव संघमित्रा; त्याचं मित्रा आईनेच केलं, कारण स्वयंपाकघरातून हाक मारायला तिला लांब नावं परवडत नसत.

तेव्हा केबलवर नवे नवे चॅनल येत होते आणि त्यातल्या एकावर ती मालिका लागायची. तिचं इंग्रजी नाव आईच्या तोंडात बसेना, म्हणून घरात तिला 'चौकी' म्हणत. अवकाशाच्या पार टोकाला एक एकाकी चौकी, तिथे पन्नासेक माणसं, कमांडर हेल्सा ही बाई त्यांची प्रमुख. आणि दोराख. युद्धात हरलेल्या, खाणींच्या ग्रहावरचा माणूस. त्याच्या लोकांना चौकीवर फक्त कामाला ठेवत. हवा खेळती ठेवणारी यंत्रं, दिवे, दरवाजे, सगळं दोराख दुरुस्त करायचा. हेल्सा आणि तो प्रत्येक भागात कडाकडा भांडायचे आणि शेवटी चौकी वाचवायचे. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते, त्यामुळे ही प्रेमकथा आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. आईचं म्हणणं वेगळं होतं. "प्रेम कसलं? वीस वर्षं संसार झाल्यासारखी भांडतात की दोघं."

तू दाराच्या चौकटीला टेकून बघायचीस. डबा खोलीत खायचा, भांडी घासायची आणि दर शनिवारी दुपारी हॉलच्या दारात येऊन उभं राहायचं. मग एका शनिवारी, मालिका निम्म्याहून जास्त झाल्यावर, तू विचारलंस, "काकू, हा माणूस काहून उभ्यानेच खाऊन राहिला?"

आम्ही दोघींनी पडद्याकडे पाहिलं. चौकीच्या जेवणघरात लांब टेबल, सगळे बसलेले, आणि दोराख खिडकीशी हातात ताट घेऊन उभा. मी म्हटलं, आज घाईत असेल. तू म्हणालीस, "नाही. पहिल्या भागात कोणीतरी म्हणते का हा बाक तुमच्यासाठी नाही. मग दुसऱ्या वर्षी हेल्सा तो नियम काढून टाकते. तरी हा उभाच. बसून खाताना एकदा बी दाखवला नाही त्याला." मी एकही भाग चुकवला नव्हता. मला हेल्साच्या कानातल्या डुलांचा रंग भागागणिक सांगता आला असता, पण हे दिसलं नव्हतं. हेल्सालाही दिसलं नव्हतं, असं तू म्हणालीस. नियम काढला की काम झालं, असं तिला वाटलं होतं.

आई पडद्याकडे बघत राहिली. मग तिने मान वळवून तुझ्याकडे पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत. "आणि तू गं?" ती म्हणाली. "तुला बसायला काय मुहूर्त काढायचा?"

तू हसलीस आणि माझ्या शेजारी येऊन बसलीस. त्या रात्री आईने डबेवाल्या बाईंना निरोप पाठवला की उद्यापासून एक डबा कमी. तुला विचारलं नाही. आमच्याकडे माया करायची तर अशीच, समोरच्याला जरा टोचेल अशा बेताने. तूही पुढे हे शिकलीस आणि आम्हांला पुरून उरलीस.

मग शेवटचा भाग आला. मालिका नेहमी शनिवारी लागायची, पण क्रिकेटचा सामना होता म्हणून चॅनलवाल्यांनी त्या आठवड्यात तो गुरुवारी दुपारी लावला. पुण्यात जन्मलेल्या माणसाने गुरुवार विसरावा! गुरुवारी वीज जाते हे इथल्या मांजरांनाही ठाऊक असतं. पिठाची गिरणी बंद, कारखाने बंद, झेरॉक्सवाला दारात पेपर वाचत बसलेला. मी आनंदाने दोन मैत्रिणींना वेळ कळवली, आईने शेंगदाणे भाजले, आणि आपण तिघी बसलो. चौकी बंद होणार असते. सगळे निघून गेलेले असतात. हेल्सा जेवणघरात एकटी. ती टेबलावर दोन ताटं मांडते, समोरासमोर. दार उघडतं, दोराख येतो. तो ताटाकडे बघतो, तिच्याकडे बघतो, आणि वीज गेली.

आई म्हणाली, "गुरुवार." एवढंच. मी रडले होते, आठवतंय? चार वाजता वीज आली तेव्हा पडद्यावर कोणीतरी भाजी चिरायचं यंत्र विकत होतं. पुढच्या आठवड्यात केबलवाल्याने तो चॅनलच काढला.

इंटरनेट म्हणजे तेव्हा सायबर कॅफेत तास लावून बसायचं आणि एक फोटो उघडेपर्यंत घरी जायची वेळ व्हायची. शेवट कळायला मार्ग नव्हता. म्हणून आपण तो आपापला ठरवला. मी म्हणायचे, हेल्सा उठते आणि त्याच्याकडे जाते. शेवटी ती टेबल सोडून त्याच्या बाजूला जाते, हेच प्रेम. तू म्हणायचीस, बसला. मी विचारायचे, बसला आणि मग? "मग काही नाही. जेवला." यात प्रेम कुठे आहे असं मी विचारलं की तू शांतपणे म्हणायचीस, "ते नंतर बघू ना. आधी माणूस बसू तर दे."

मग आपण दोघी खराडीच्या एकाच कंपनीत लागलो. मी कोड लिहायचे आणि तू तो तपासायचीस. माझ्या नजरेतून सुटलेलं शोधून काढायचा तुला पगार मिळायचा. तसं ते तू फुकटही करत होतीस. ऑफिसच्या बसमध्ये हडपसरच्या पुलावर अडकलो की तू नव्याने आलेल्यांना चौकीची गोष्ट सांगायचीस, दार उघडेपर्यंत, आणि विचारायचीस, "आता सांग, पुढे काय झालं असेल?" अशी आपली ती टोळी जमली. पुढे मालिकेच्या सीडी मिळायला लागल्या, पण शेवट कोणी बघायचा नाही असं आपलं ठरलं. तुझ्या वारज्याच्या फ्लॅटमध्ये दिवाळीनंतरच्या रविवारी सगळे जमायचे, शेवटचा भाग लावायचा, आणि दोराख दारात आला की तू उठून खटकन मेन स्विच बंद करायचीस. टीव्ही बंद, पंखे बंद, फ्रिज बंद. नवीन माणूस दचकायचा. "गुरुवार!" बाकीचे ओरडायचे. मग एकेकाने आपला शेवट सांगायचा.

काय काय ऐकलं आपण त्या खोलीत! विवेकचे वडील आखातात नोकरीला गेले ते तिकडेच राहिले. त्याच्या शेवटात दोराखला न्यायला त्याच्या गावचं यान येतं. घटस्फोट झाला त्या वर्षी मंजिरी म्हणाली की दुसरं ताट दोराखसाठी नव्हतंच, हेल्साने ते आपल्याला सोबत म्हणून मांडलं होतं. कोणी त्यांना बहीणभाऊ केलं, कोणी वैरी. एकाने दोराखला हेर ठरवलं, त्याला तू दोन वर्षं पोळ्या लाटायला बसवलंस. पण तू कोणालाही चूक म्हणाली नाहीस. परतताना गाडीपर्यंत सोडायला यायचीस आणि हळूच म्हणायचीस, "मंजिरीकडे जरा बघ हं. तिला एकटीला जेवण जात नाहीये." एवढ्या दूरच्या, खोट्या माणसांच्या गोष्टीतून तू शेजारच्या खुर्चीवरचा माणूस ओळखायचीस. मला हे कधी जमलं नाही, आणि तुला ते किती सहज जमतं याचं कौतुकही मी तुझ्या तोंडावर कधी केलं नाही. आता करते आहे.

आणि तुझं लग्न. नागपूरला, भर मे महिन्यात. कार्यालयवाल्याने बुफे सांगितला होता, तू तो मोडलास. चारशे माणसांना बसायला टेबलखुर्च्या हव्यात म्हणून हटून बसलीस. सासरचे म्हणाले, हल्ली सगळीकडे बुफेच असतो. तू म्हणालीस, "माझ्या लग्नात कोणी उभ्याने जेवणार नाही." प्रशांत, तुझा नवरा, तेव्हाच तुझ्या बाजूने उभा राहिला आणि नंतर जन्मभर त्याच खुर्च्या लावत आणि उचलत राहिला. तिथे बसलेल्यांपैकी फक्त मला माहीत होतं की ही सगळी दोराखची कृपा आहे. निदान मला तसं वाटत होतं. आता वाटतं की उलटं होतं. दोराखकडे तुझं लक्ष गेलं तेच मुळात तुझ्या मनात आधीपासून काहीतरी होतं म्हणून. तुझे आजोबा कुठे उभे राहायचे, तुझे वडील पहिल्यांदा कुठे बसले, हे मी कधी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. आपण दोराखबद्दल बोलत राहिलो. त्यात सगळं बोलून होतंय असं वाटायचं.

तुझ्यासाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर मी खुर्च्या आवरायला थांबले होते. वंदना झाली होती, माणसं पांगली होती. प्रशांत माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "ताई, एक सांगू? तिने शेवट पाहिला होता."

मला आधी कळलंच नाही तो कशाबद्दल बोलतोय.

"ऑनसाइटला होतो ना आम्ही, तेव्हा. तिथल्या लायब्ररीत पूर्ण संच होता. तिने शेवटचा भाग आणला. मी म्हटलं, नको बघू, तुमचं ठरलंय. म्हणाली, टेस्टर आहे मी, मला राहवत नाही."

कंपनीने तुला परदेशी क्लायंटकडे पाठवलं त्याला कितीतरी वर्षं झाली, मित्रा. तिथून आल्यानंतरचे सगळे दिवाळीनंतरचे रविवार मी मनातल्या मनात मोजले. त्या प्रत्येक रविवारी तू मेन स्विच बंद केलास आणि माझ्याशी तावातावाने भांडलीस.

"मग? बसतो का तो?" मी विचारलं.

प्रशांतने मान हलवली. "नाही बसत. ताट उचलतो आणि खिडकीशी जातो, नेहमीसारखा. मग ती उठते. आपलं ताट घेते आणि त्याच्या बाजूला जाऊन उभी राहते. दोघं उभ्याने खातात. संपलं."

म्हणजे मी बरोबर होते. शब्दन् शब्द. ती टेबल सोडते, ती त्याच्याकडे जाते. इतकी वर्षं मी जिंकून बसले होते आणि मला पत्ता नव्हता. मला हसू फुटलं, मग रडू आलं, आणि प्रशांत बिचारा खुर्ची हातात धरून तसाच थांबला.

"तिला आवडला असेल ना?" मी विचारलं. "किती सुंदर आहे."

"लई चिडली," तो म्हणाला. "म्हणे, तिला उभं राहायला काय जातं? उद्या जाऊन बसेल ती. सवाल तिच्या उभं राहण्याचा होता का? त्याच्या बसण्याचा होता. लिहिणाऱ्यांना दोराख कळलाच नाही म्हणाली. आणि मला म्हणाली, अनघाला सांगू नको. उगाच खूश होईल."

हे वाक्य तुझंच, यात संशय नाही. ते ऐकलं आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा तुझा आवाज मला स्पष्ट आठवला.

त्या दिवसापासून मी हेच घेऊन बसले आहे. तुला एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं, म्हणजे मला जिंकवून गप्प करता आलं असतं, आणि वाद मिटला असता. तू तो मिटू दिला नाहीस. पडद्यावर जे झालं ते तुला पसंत नव्हतं, म्हणून तू ते मानलंच नाहीस, आणि मला त्याचा सुगावाही लागू दिला नाहीस, चेहऱ्यावर सुरकुती पडू न देता "बसला, अनघा, नक्की बसला" म्हणत राहिलीस. लिहिणाऱ्यांनी त्याला उभा ठेवला आणि तू दरवर्षी त्याला वारज्यात बसवत होतीस. अशा प्रतिस्पर्ध्याशी भांडायला मिळालं हे माझं भाग्य. हे मी तुला फोनवर सांगितलं असतं तर "नाटकं नको करू" म्हणाली असतीस. आता ऐकून घ्यावं लागेल.

आईला सांगितलं नाही. ती आता ऐंशीच्या पुढे आहे, तिला निम्मं ऐकू येत नाही, पण तुझी बातमी कळल्यावर तिने विचारलं, "तिने चौकट धरून किती दिवस काढले गं आपल्याकडे?" मला सांगता आलं नाही. मोजलेच नव्हते कोणी.

काल दिवाळीनंतरचा रविवार होता. मला वाटलं होतं, यंदा कोणी जमणार नाही. प्रशांतनेच सगळ्यांना फोन केले. सगळे आले, विवेक, मंजिरी, तो हेरवाला, आणि माझ्या टीममधली रुचा, जिला तू फक्त एकदा भेटलीस. शेवटचा भाग लावला. हेल्साने ताटं मांडली. दार उघडलं. कोणीच उठेना, तेव्हा मी उठले आणि मेन स्विच बंद केला. "गुरुवार" कोणी ओरडलं नाही. मंजिरीने ते हळूच म्हटलं.

रुचा गोंधळली. "पण मॅम, ॲक्च्युअली काय होतं? ऑनलाइन सगळं मिळतं, मी आत्ता बघून सांगू का?"

"बघ की, कोण नको म्हणतंय," मी म्हटलं. "पण आधी तुझा शेवट सांग."

तिने सांगितला. तिच्या शेवटात दोराख निघून जातो आणि हेल्सा दोन्ही ताटं धुऊन ठेवते. सांगताना तिचा आवाज बदलला. मित्रा, सगळं झाल्यावर मी तिला गाडीपर्यंत सोडायला गेले, तुझ्यासारखी. ती पोर कोणाची तरी वाट बघते आहे. मी लक्ष ठेवीन.

रुचानंतर माझी पाळी आली. माझा शेवट सगळ्यांना पाठ आहे. विवेक तर माझ्याआधीच म्हणायला लागला, "ती उठते आणि..." मी त्याला थांबवलं. प्रशांत ताटं वाढून झाल्यावर स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, स्वतःचं ताट हातात घेऊन. तू गेल्यापासून तो असाच जेवतो, ओट्याशी नाहीतर दारात, असं मंजिरी मला जिन्यातच म्हणाली होती.

"बसला," मी म्हटलं. "दोराख बसला. मग जेवला."

प्रशांतने माझ्याकडे पाहिलं. शेवट माहीत असलेले आम्ही दोघंच होतो. त्याच्या ताटातली पोळी तशीच होती.

"आणि तू रे?" मी त्याला म्हटलं. "तुला बसायला काय मुहूर्त काढायचा?"

विवेक सरकला. प्रशांत आला, माझ्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसला. मग मी उठून मेन स्विच चालू केला.